मदत हवी आहे : घरी जुळवलेल्या पीसीवर गेम चालता चालता बंद होतात, कारण सापडत नाही

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा, मानेवाड्याला राहतो. मागच्या दिवाळीत भाच्याला सोबत घेऊन हा पीसी घरीच जुळवला. सीताबर्डीला तीन चकरा मारून एकेक भाग आणला आणि सतरंजी टाकून दोन दिवस त्यातच बसलो. सहा महिने एक तक्रार नव्हती. मे लागला आणि गेम बंद पडायला लागले. निळा स्क्रीन येत नाही, मशीन रीस्टार्टही होत नाही. खेळता खेळता गेम गायब आणि समोर डेस्कटॉप. कधी दहा मिनिटांत, कधी तीन तासांनी. भाचा विचारतो, "मामा, हे काऊन होऊन राहिलं?" आणि मला सांगता येत नाही.

मशीन असं आहे : रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), ६५० वॅटचा पॉवर सप्लाय, १ टीबी एनव्हीएमई, विंडोज ११. रॅम डीडीआर४ ३६००, एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू, आता एकूण ३२ जीबी.

पहिला संशय अर्थातच उन्हावर गेला. बाहेर ४५ अंश, नवतपा तोंडावर. पण खोलीत खसाचा कूलर आहे, दुपारी खोली ३३-३४ वर राहते. गेम चालू असताना प्रोसेसर ७८, ग्राफिक्स कार्ड ७४. रात्री दोन वाजता, सगळं थंड असतानाही गेम पडला. शिवाय मशीन तापलं तर वेग कमी होईल किंवा अख्खं बंद पडेल, नेमका एकच प्रोग्राम का मरेल?

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. डीडीयू (ड्रायव्हर समूळ काढणारं साधन) वापरून सेफ मोडमध्ये ग्राफिक्स ड्रायव्हर काढला, नवा टाकला. गेमच्या फाइल्स तपासून घेतल्या. विंडोजच्या फाइल्स तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड चालवली. विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, त्यात काही सापडलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींमध्ये) दर वेळी आयडी १००० दिसतो आणि कोड ०एक्ससी००००००५. पण दोषी म्हणून नाव मात्र रोज वेगळं येतं : एकदा गेमची स्वतःची फाइल, एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरची, दोनदा विंडोजची एनटीडीएलएल.

परवा एक वेगळीच गोष्ट घडली. ४० जीबीची झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नाही, असा) आला. तीच फाइल लगेच पुन्हा उघडली तर बिनतक्रार उघडली. ब्राउझरचे टॅबही अधूनमधून मरतात. आता पुढे काय तपासू? ग्राफिक्स कार्ड बदलायचं म्हटलं तर खिशाला परवडणारं नाही, म्हणून आधी खात्री करायची आहे.

प्रतिसाद १ :

भाऊ, कार्डाला हात लावू नका. तुमच्या त्या झिप फाइलनेच बरंच सांगितलं आहे. झिप उघडताना ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध येत नाही. डिस्कवरची फाइल बिघडलेली असती तर दुसऱ्यांदाही उघडली नसती. म्हणजे वाचलेला डेटा मधेच कुठेतरी बदलला, आणि ती जागा बहुधा रॅम.

तो कोड ॲक्सेस व्हायोलेशनचा आहे. प्रोग्राम आपल्या मालकीच्या नसलेल्या पत्त्यावर गेला की विंडोज त्याला तिथेच बंद करतं. प्रोग्राम सदोष असेल तर तो सहसा ठरावीक जागी पडतो. तुमच्याकडे जागा रोज बदलते, प्रोग्रामही बदलतात. रॅममध्ये एखादा बिट उलटला की पत्ताच चुकतो, मग ज्याच्या हातात तो पत्ता असेल तो मरतो.

विंडोजच्या तपासणीवर विसंबू नका, ती बरंच काही सोडून देते. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका आणि रात्रभर त्याचे चारही पास (तपासणीच्या फेऱ्या) होऊ द्या. आणि एक सांगा, "आता एकूण ३२ जीबी" म्हणजे काय? आधी किती होती?

धागाकर्ता :

आधी ८ जीबी रॅमच्या दोन स्टिक होत्या. एप्रिलच्या शेवटी तशाच आणखी दोन घेतल्या, त्याच कंपनीच्या, तेच मॉडेल. लिहिताना हे महत्त्वाचं वाटलंच नाही.

प्रतिसाद १ :

हेच महत्त्वाचं आहे. तुम्ही मे महिना धरून बसलात, पण तोच आठवडा स्टिक वाढवल्याचा आहे. या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेली रॅमच्या वेगाची मर्यादा बघा : दोन स्टिक असतील तर ३२००, चार सिंगल रँक (चिपचा एकच संच असलेल्या) असतील तर २९३३, चार ड्युअल रँक (दोन संच असलेल्या) असतील तर २६६७. पाकिटावरचा ३६०० हा आकडा त्या दोन स्टिकच्या जोडीसाठी तपासलेला असतो. दोन वेगवेगळी पाकिटं एकत्र लावली की मॉडेल एक असलं तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात, आणि चार स्टिकमुळे मेमरी कंट्रोलरवर भारही वाढतो. स्टिक खराब नसतील, जोडणी झेपत नसेल.

आधी जुनी जोडी एकटी तपासा, मग नवी एकटी, दोन्ही वेळा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. त्यानंतर चारही लावून. आणि हे होईपर्यंत त्या मशीनवरून कुठलाही बॅकअप, फोटो, काहीही हलवू नका. गेम पडलेला दिसतो. फोटोतला उलटलेला बिट दिसत नाही.

धागाकर्ता :

पाच रात्री लागल्या, पण चित्र स्पष्ट झालं. जुनी जोडी ३६०० वर, शून्य एरर. नवी जोडी ३६०० वर, शून्य. चारही ३६०० वर लावल्या तर पहिल्याच पासमध्ये लाल ओळी सुरू. चारही ३२०० वर, तिसऱ्या पासमध्ये एक एरर. बायोसमध्ये वेग हाताने २९३३ ठेवला, चारही पास स्वच्छ. भाचा सकाळी दात घासता घासताच स्क्रीन बघायला यायचा.

आता आठ दिवस झाले, २९३३ वर एकही गेम पडला नाही. खेळताना फरक जाणवला नाही. भाचा व्हिडिओ जुळवतो, त्याला ३२ जीबी लागते, म्हणून चारही ठेवतो आहे.

पण तुमचं फोटोंबद्दलचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. बहिणीच्या घराच्या वास्तुशांतीचे फोटो मी मे महिन्यातच या मशीनवर उतरवले होते. ते नीट आहेत की नाही, कसं कळेल?

प्रतिसाद २ :

कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं नसेल तर सोपं आहे. कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या डेटावरून निघणारा ठशासारखा कोड) काढा आणि जुळवा. सेव्हन झिपमध्ये राइट क्लिकवर ती सोय आहे. एक अक्षर वेगळं आलं तर ती फाइल बदललेली आहे.

धागाकर्ता :

ताईने कार्ड पुसलं नव्हतं, नशीब. ६१२ पैकी तीन फोटोंचे हॅश जुळले नाहीत. दोन उघडल्यावर नेहमीसारखेच दिसत होते. तिसऱ्यात आईच्या चेहऱ्याखाली अर्धा फोटो राखाडी झाला होता. तिन्ही कार्डावरून पुन्हा उतरवले, हॅश पुन्हा जुळवले. आता बरोबर आहेत.