'विवर्त' : भर्तृहरीचा आणि वेदान्त्यांचा

प्रश्न : सोलापुरातील आमच्या वाचनवर्गात सध्या सदानंदांचा 'वेदान्तसार' हा अद्वैत वेदान्ताचा ग्रंथ चालू आहे. वस्तू खरोखर पालटली तर विकार आणि न पालटता निराळी भासली तर विवर्त, असा भेद त्यात केला आहे. मग 'वाक्यपदीया'च्या पहिल्याच कारिकेत (श्लोकात) शब्दतत्त्वरूप ब्रह्म अर्थभावाने, म्हणजे अर्थांच्या रूपाने, 'विवर्तते' असे वैयाकरण भर्तृहरी म्हणतो, तेथेही 'भासते' असाच अर्थ घ्यावा, की सुताची चादर होते तसा परिणाम, म्हणजे विकारासारखे खरे रूपांतर, समजावा?

उत्तर : भर्तृहरी पाचव्या शतकातला, सदानंद पंधराव्या, नंतरची व्याख्या आधीच्या ग्रंथावर लादू नये. विश्व हा शब्दाचा 'परिणाम' आहे असे भर्तृहरी पुढे एका कारिकेत म्हणतो आणि तिच्याच उत्तरार्धात ते छंदांपासून 'व्यवर्तत' असे सांगतो, म्हणजे हे दोन शब्द त्याला परस्परविरोधी वाटत नव्हते. आठव्या शतकातील नाटककार भवभूतीही करुणरसाचे 'विवर्त' आणि पाण्याचे भोवरे, बुडबुडे, तरंग हे 'विकार' एकाच श्लोकात शेजारी ठेवतो. चादरीचे उदाहरण मात्र टाळावे. तंतू आणि पट (वस्त्र) ही नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांची, आरंभवादाची (कार्य ही कारणाहून वेगळी, नव्याने उपजलेली वस्तू असते या मताची) जुनी जोडी आहे. परिणामाला दूध-दहीच बरे.

दुसरे मत : हे थोडे घाईचे वाटते. 'वाक्यपदीया'वरील ज्या वृत्तीला (टीकेला) परंपरा भर्तृहरीचीच मानते, तिच्यात विवर्ताची व्याख्याच अशी आहे की आपल्या स्वरूपापासून न ढळलेले एक तत्त्व भेदाचे अनुकरण करत असत्य, विभक्त अशी अन्य रूपे धारण करते. 'असत्य' हा शब्द तेथे आहेच.

उत्तर : आक्षेप रास्त आहे, जरी वृत्तीच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तरीही खरे स्थित्यंतर माझ्या मते असत्यतेपेक्षा मूळ तत्त्वाच्या बाबतीत घडले. अद्वैती मंडनमिश्र 'ब्रह्मसिद्धी'त ब्रह्माची शब्दात्मता अजून मान्य करतात आणि त्याच ग्रंथात अविद्येला सत् वा असत् म्हणता येत नाही असेही प्रतिपादन करतात. भर्तृहरीचे घर आणि वेदान्ताचे छप्पर तेथे एकत्र दिसते. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (1.3.28) स्फोटच (वर्णांहून वेगळा, अर्थ प्रकट करणारा अखंड शब्द ही वैयाकरणांची कल्पना) नाकारतात. त्यांच्यानंतरच्या अद्वैत्यांनी वैयाकरणांचे 'विवर्त' हे पद ठेवले, त्यातून शब्दतत्त्व वगळले आणि दोरीवरील सर्पाचा दृष्टान्त त्याच्याशी कायमचा जोडला. म्हणून पहिल्या कारिकेचा मराठी अर्थ देताना मी 'उलगडत जाते' असे लिहीन आणि 'भासते' हे क्रियापद सदानंदांच्या व्याख्येसाठी राखून ठेवीन.