सल्ला हवा: पखवाजाच्या हाताला पट्ट्या, पॅड की नॉब?

बंदरवाट (गुहागर):
नमस्कार मंडळी. गावच्या भजनी मंडळात मी बारा वर्षे पखवाज वाजवतो आहे. गेल्या शिमग्यापासून लॅपटॉपवर, एबलटन लाइव्ह या संगीतरचनेच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्वतःच्या पखवाजाचे आणि पालखीपुढच्या ढोल-ताशांचे सॅम्पल (ध्वनिमुद्रित तुकडे) घेऊन इलेक्ट्रॉनिक ठेके रचण्याची खटपट चालू आहे. डीजेसमोर नाचण्याजोगे काही मला करायचे नाही. लॉस एंजेलिसमध्ये 2006 ते 2018 या काळात दर आठवड्याला भरणाऱ्या ‘लो एंड थिअरी’ या क्लबातल्या मैफलीतून जे बीट-संगीत पुढे आले, ज्यात लय किंचित अडखळत, झुलत चालते, त्या वाटेने जायचे आहे. परंतु माउसने चौकटी भरून केलेला माझा ठेका फूटपट्टीने आखल्यासारखा वाटतो. 15,000 रुपयांत एकच वस्तू घेता येईल. 25 पट्ट्यांचा कीबोर्ड, 16 पॅडचा कंट्रोलर (लॅपटॉपमधले आवाज वाजवण्याचे उपकरण) की नॉब असलेला लहान सिंथेसायझर? समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नाही, हेही ध्यानात घ्यावे.

सुपारीबाग (चिपळूण):
कीबोर्ड घ्यावा. बेस, सुरावट आणि ठेका ही तिन्ही कामे त्यावर होतात, आणि पेटीवर हात बसलेला असेल तर शिकायलाही फारसे काही उरत नाही.

खडपावरून (मालवण):
वरील मताशी मी सहमत नाही. कीबोर्डवर सगळे करता येते हे खरे, परंतु हाताखाली काय आहे यावर काय सुचते हे ठरते, आणि या संगीतात तर यंत्राची ठेवणच लयीत उतरली आहे. 1960च्या दशकात मूग यांच्या सिंथेसायझरला पियानोसारख्या पट्ट्या जोडल्या गेल्या आणि लोक त्यावर सुरावटी वाजवू लागले. त्याच सुमारास बुखला यांनी त्या पट्ट्या नाकारून स्पर्शाने चालणाऱ्या पट्टिका दिल्या, तेव्हा निघालेले संगीत अगदी निराळ्या वळणाचे होते.

ठेक्याकडे येऊ. रॉजर लिन यांनी आपल्या ड्रम मशीनमध्ये ‘स्विंग’ची सोय केली. चार-चार भागांत कापलेल्या मात्रेतील प्रत्येक जोडीचा दुसरा ठोका ती थोडा मागे ढकलते. 50 टक्क्यांवर चाल सरळ राहते, 66च्या आसपास ती तिस्र जातीच्या झोक्यात जाते, आणि खरी गंमत या दोहोंच्या मधे आहे. पुढे 1988 साली त्यांच्याच आराखड्यावर अकाई कंपनीचे एमपीसी60 आले, ज्यावर चार ओळींत सोळा रबरी पॅड होते. त्यात एका मात्रेचे 96 भाग पडत, म्हणजे मिनिटाला 90 मात्रांच्या लयीत एक भाग सुमारे 7 मिलिसेकंदांचा. इतक्या बारीक अंतरावर ठोका पुढे-मागे सरकवता येऊ लागला, आणि हिप-हॉप निर्माते जे डिला यांनी किक, स्नेअर व हाय-हॅट या ड्रमच्या आवाजांना एकमेकांपासून थोडे थोडे सरकवून जी डुलती चाल बसवली, ती याच घराण्यातील एमपीसी3000 वरची. ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

यंत्राच्या उणिवाही अशाच कामी आल्या. 1987 च्या एसपी-1200 या सॅम्पल घेणाऱ्या यंत्रात सगळे मिळून जेमतेम 10 सेकंदांचे सॅम्पल मावत. म्हणून लोक 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर फिरवून आवाज आत घेत आणि मग यंत्रात त्याचा वेग व सूर पुन्हा खाली उतरवत. त्या उतरवण्यात येणारा खरखरीतपणा पुढे आवडीचा विषय झाला.

आपल्या हाताला पखवाज माहीत आहे. डाव्या पुडीवरची खुली थाप आणि उजवीवरचा ‘ता’ यांत किती अंतर ठेवायचे हे आपण मोजत नाही, हातच ठेवतो. ते पॅडवर उतरेल; पट्ट्यांवर उतरणार नाही. पॅड घ्यावा, आणि पहिले सहा महिने क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप चौकटीत बसवण्याची सोय, बंद ठेवावे.

आडवाट (देवगड):
पॅडला माझाही कौल आहे, परंतु नॉब अगदीच बाजूला टाकू नये. 1981 चे रोलँडचे टीबी-303 हे गिटारवादकांना बेसची साथ मिळावी म्हणून केलेले यंत्र त्या कामात फसले, आणि नंतर शिकागोतल्या मुलांनी तोच तो पॅटर्न चालू ठेवून फिल्टरचे नॉब पिळत ‘अॅसिड हाउस’ हा नवा प्रकारच जन्माला घातला. त्याआधीच, 1982 साली, मुंबईत चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर, सोबत टीआर-808 हे ड्रम मशीन घेऊन, दहा राग ध्वनिमुद्रित केले होते. त्या यंत्रात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची जी सोय आहे ती मींडेच्या किती जवळ जाते, हे आपल्या माणसाला कानाने कळले. दुसरे असे की, मोनोम नावाचा चौकोनी बटणांचा कंट्रोलर 2006 पासून मिळू लागला. त्याच्या बटणांना ठरलेला अर्थच नसतो, सॉफ्टवेअर सांगेल तो अर्थ. त्यावर सॅम्पलचे तुकडे करून ते उलटसुलट फिरवण्याची पद्धत डेडेलस यांच्यासारख्या वादकांनी रुळवली. ढोलाचा एक आवर्तनाचा तुकडा आठ बटणांवर पसरून पाहावा. आठ नॉब आणि सोळा पॅड एकत्र असलेले कंट्रोलर आपल्या रकमेत बसतात.

बंदरवाट (गुहागर):
मनःपूर्वक आभार. काल चिपळूणच्या एका मित्राकडे पॅड वाजवून पाहिला. दोन अडचणी आल्या. हलक्या बोटाने वाजवलेला ‘ति’ नोंदलाच जात नव्हता, आणि थाप दिल्यावर आवाज किंचित उशिरा येत होता. त्या उशिराने माझा हात अडखळत होता.

खडपावरून (मालवण):
दोन्हींवर उपाय आहे. मिडीत (वाद्ये व संगणक यांच्यातील संदेशांच्या पद्धतीत) ठोक्याचा जोर 1 ते 127 अशा आकड्यांत जातो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये संवेदनशीलता वाढवून व्हेलॉसिटीची (ठोक्याच्या जोराची) वक्ररेषा बदलली की हलके ठोके पकडले जातात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पखवाजाचा प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरकस असा तीनदा ध्वनिमुद्रित करून त्या आकड्यांनुसार वाटून द्यावा. एकच सॅम्पल केवळ मोठा-लहान केला तर ते खोटे वाटते. उशिराचे कारण बहुधा ऑडिओ बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी संगणक करतो तो साठा) असावा. 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाची एकेका क्षणाची नोंद) बफर एकटाच सुमारे 12 मिलिसेकंद खातो, 128 ठेवला तर 3. आणि गजर रंगात आला की आपली लय चढत जाते, त्याचे काय करणार आहात? लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीपासून बाहेरून येणाऱ्या आवाजाचा वेग ओळखून त्यामागे जाण्याची सोय आहे. मंडळाच्या गजरावर ती एकदा जरूर वापरून पाहावी.

मीठागर (वेंगुर्ले):
संगीतातले मला फारसे कळत नाही, दुरुस्ती कळते. फेडर (वरखाली सरकवायची खुंटी) असलेले काहीही घेऊ नये. माझ्याकडच्या कंट्रोलरचे फेडर दोन पावसाळ्यांत असे झाले की स्पर्श न करता आवाज वरखाली व्हायचा. उघडून पाहिले तर आतल्या पट्टीवर हिरवट पूड जमली होती. पॅडखाली रबर असते, त्यामुळे तिथे खार कमी शिरतो. वापर झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि पुड्यांचा रंग बदलो न बदलो, महिन्याने बदलाव्यात. यूएसबीवर चालणाराच घ्यावा, म्हणजे वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत काम चालते.

सुपारीबाग (चिपळूण):
माझे मत मागे घेतो. सुरावटीसाठी लॅपटॉपचाच कळफलक वापरता येतो, हे मी विसरलो होतो.

बंदरवाट (गुहागर):
सोळा पॅड आणि आठ नॉब असलेला, फेडर नसलेला, वापरलेला कंट्रोलर रत्नागिरीत एकाकडे आहे. रविवारी पाहून येतो. उरलेल्या पैशांत घट्ट झाकणाचा डबा आणि पखवाजासाठी एक माइक. बोलांची तीन-तीन ध्वनिमुद्रणे शनिवारी मंडळाच्या खोलीत करतो, मात्र त्याआधी डाव्या पुडीची कणीक ताजी लावायला हवी.