जाहिराती अडवायला नक्की काय टाकायचं?

ए-३०२ काका: नमस्कार मंडळी. पंचांग बघायला साइट उघडली की स्क्रीनभर ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’! हिने घाबरून त्यावरचा नंबर लावायला घेतला, मी वेळेत फोन हातातून काढला. मागे इथेच सुचवलेला ब्लॉकर टाकलाय, तरी जाहिराती येतातच. कोणी जबाबदारीने सांगेल का?

बी-१०४: काका, ॲडब्लॉक प्लस टाकलंत का? त्यात २०११पासून काही जाहिराती मुद्दाम सोडतात, मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. सेटिंगमध्ये तो पर्याय बंद होतो. त्यापेक्षा यूब्लॉक ओरिजिन घ्या.

सी-४०१: ‘ओरिजिन’ बघूनच घ्या. नुसतं ‘यूब्लॉक’ वेगळं आहे.

बी-२०३: पाणी किती वाजता बंद?

सेक्रेटरी: बोर्डावर लिहिलंय.

बी-२०३: बोर्डासमोर कायम गाडी कोणाची असते, तेही लिहा.

ए-५०१: क्रोमवर ओरिजिन आता चालत नाही. गूगलने एक्स्टेंशनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रॅमचे, नियमच बदलले. मी दिवाळीत सांगितलं होतं, तेव्हा सगळे फराळाचे फोटो टाकत होते.

बी-१०४: बरोबर दादा. क्रोमसाठी ओरिजिन बनवणाऱ्या रेमंड हिल यांचंच ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ आहे. फायरफॉक्स ब्राउझरवर मात्र पूर्ण ओरिजिन चालतं.

सी-४०१: ‘ओरिजिन’ शब्द बघा हं.

डी-२०२ ताई: फुकट देतात म्हणजे आपली माहिती विकत असणार.

बी-१०४: ताई, शंका रास्त आहे. ब्लॉकरला आपण उघडलेलं प्रत्येक पान दिसू शकतं, म्हणूनच कोणाचा घेतो हे महत्त्वाचं. ओरिजिनचा कोड कोणालाही तपासता येतो आणि हिल देणगीसुद्धा घेत नाहीत.

बी-२०३: मेंटेनन्सचे रिमाइंडर अडवतं का?

सेक्रेटरी: थकबाकी कोणाची आहे ते ग्रुपवर बोलायला लावू नका.

डी-१०३: सगळे जण ब्लॉकर टाका, पण वर्तमानपत्रांच्या साइट जाहिरातींवरच चालतात. बातमीदारांचे पगार कुठून निघायचे?

बी-१०४: पटतं. जी साइट नीट वागते तिच्यापुरता ब्लॉकर बंद ठेवता येतो. मी ठेवतो.

ए-३०२ काका: लाइट टाकलं. पंचांग स्वच्छ दिसतंय. जुना राहू दे का?

बी-१०४: काढा. दोन ब्लॉकर एकमेकांत अडकतात.

सी-४०१: ओरिजिनच आहे ना?

ए-३०२ काका: हो हो, बघितलं! हिच्या फोनवर क्रोम आहे, तिथे?

ए-५०१: अँड्रॉइडच्या क्रोमवर एक्स्टेंशन घेता येत नाहीत. फायरफॉक्स टाकून त्यात ओरिजिन घ्या.

बी-१०४: सातनंतर येतो काका. काकूंना फोन चार्ज करून ठेवायला सांगा.