नाईट शिफ्ट करून सकाळी इंट्राडे, चालू ठेवावं का एसआयपी लावावी?

वाळूजचा_गडी
नमस्कार मंडळी. गाव औशाकडं, सध्या वाळूजला कंपनीत. नाईट करून सातला रूमवर येतो, चहा घेतो अन् सव्वानऊला मोबाईल घेऊन बसतो. चार महिने झाले इंट्राडे करायलो, म्हंजे शेअर घ्यायचा अन् त्याच दिवशी विकायचा, रोज चार सौदे, मार्जिनवर (ब्रोकरच्या उधारीवर) एकेक लाखभराचा. दहातले सहा प्लसमधी निघतात, डायरीत लिहून ठेवलंय खोटं नाही सांगत, तरी ६० हजाराचे ४१ झालेत. एक शेअर अडकला तर डिलिव्हरीत घेऊन टाकला, म्हंजे पूर्ण पैसे भरून ठेवूनच दिला, म्हटलं आता हा लाँग टर्म. दाजी म्हणतात इंडेक्स फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातले शेअर घेणारा फंड) एसआयपी लाव, दर महिन्याला ठरलेली रक्कम टाक, अन् दहा वर्षं तिकडं बघू नको. पण दहा वर्षं कोण थांबतंय राव?

हिशोबनीस_नांदेड
डायरीत खर्च लिहितोस का? लाखाचा एक इंट्राडे धर. ब्रोकरेज २० अन् २०, विकताना एसटीटी (सौद्यावरचा कर) २५, वरून एक्स्चेंजचा चार्ज, स्टँप ड्युटी, जीएसटी, मिळून ८० च्या वरच जातात. रोज चार सौदे, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे साडेसहा हजार. चार महिन्यांचे २६ हजार झाले की! म्हंजे सौद्यात तू सहा-सात हजार कमावलेत, घालवलेत ते खर्चात. ६० हजाराच्या भांडवलावर महिन्याला दहा-अकरा टक्के काढशील तेव्हा कुठं बरोबरीत येशील. रोजच्या रोज काँट्रॅक्ट नोट (सौद्यांचं अन् खर्चाचं बिल) मेलवर येते, उघडून बघ. आन् इन्कम टॅक्सचं रिटर्न वेळेत भर, इंट्राडेचा तोटा चारच वर्षं पुढं नेता येतो, तोही फक्त इंट्राडेच्याच नफ्यातून वजा होतो, पगारातून नाही.

बीडचा_बाजीगर
शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच सांगितलंय ना, २०२२-२३ मधी इंट्राडे करणाऱ्या दहातले सात तोट्यात. वर्षाला ५०० च्या वर सौदे करणाऱ्यात तर ८० टक्के. तू महिन्याला ८० सौद्यांच्या स्पीडनं तिकडंच चाललास 😄

परभणी_स्विंग
सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितो. मी दहा-पंधरा दिवसांचे सौदे करतो, महिन्याला दोन-तीनच, स्टॉपलॉस लावून (ठरल्या तोट्याला शेअर आपोआप विकला जातो), माझं चाललंय बरं. अन् लाँग टर्म म्हणजे काही देवाचा प्रसाद नाही, २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारावर होता, ऑक्टोबरात साडेआठ. ज्यानं वर घेतलं त्याला मुद्दल दिसायला २०१० उजाडलं, अन् त्यातही मधीच पोरीचं लग्न निघालं अन् विकावं लागलं तर गेलं सगळं. पण भाऊ, रात्रभर जागून कुणी ट्रेडिंग करतं का?

अडतीवरचा_मुनीम
मी लातूरच्या मोंढ्यातला, म्हंजे धान्य बाजारातला, शेअरमधलं फार कळत नाही, पण तुझा तो अडकलेला शेअर लाँग टर्म नाही बाबा, ते आमच्याकडचं सोयाबीन आहे. २०२१ च्या ऑगस्टात भाव दहा हजाराच्या वर गेला, तो आकडा लोकांच्या डोक्यात जो बसला तो बसलाच. पुढच्या साली माल घरात थप्प्या लावून ठेवला, दहा आला की विकू म्हणून. २०२४ ला हमीभाव होता ४८९२ अन् मोंढ्यात तेवढाही निघंना. तवर घट आली, उंदरानं खाल्लं, सोसायटीचं व्याज चढलं ते वेगळंच. विकायची हिंमत नाही म्हणून ठेवलेला माल अन् ठेवायचा म्हणून घेतलेला माल, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. हातात शेअर नसता, नुसते पैसे असते, तर आजच्या भावात घेतला असतास का? नसलास घेत तर काढ.

वाळूजचा_गडी
काँट्रॅक्ट नोटा उघडल्या, एकही मेल वाचलेला नव्हता. पहिल्याच महिन्याचे सहा हजार दोनशे निघाले चार्जेसचे, तोंडाला कोरड पडली. इंट्राडे बंद, दाजीला फोन लावलाय, तीन हजाराची एसआयपी करतो. मुनीम काका, तो शेअर मात्र आज जरा हिरवा दिसायलाय, सोमवारी बघू का?

अडतीवरचा_मुनीम
झालं, लागली थप्पी.