क्लायमेटप्रेडिक्शनची कामं 'कॉम्प्युटेशन एरर' देऊन पडतात, दोष मशीनचा की मॉडेलचा?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. सहा कोरचा आय५, १६ जीबी रॅम, लिनक्स मिंट ६४ बिट, घरचा इन्व्हर्टर. बॉइंकवर (घरच्या संगणकाची ताकद संशोधनाला देणारा प्रोग्राम) फक्त क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट (हवामानाची मॉडेल्स चालवणारा प्रकल्प) चालू आहे, सहाही कोर दिलेत. १५ दिवसांत ९ कामं पडली. ४ तर सुरू झाल्यावर १०-१५ सेकंदांतच गेली. ३ चाळीस ते सत्तर टक्क्यांवर असताना भर दुपारी पडली, त्यांच्या नोंदीत 'इनव्हॅलिड थीटा डिटेक्टेड' दिसतं. उरलेली २ लाइट गेल्यावर मशीन रीस्टार्ट झालं तेव्हा. सीपीयूचं तापमान दुपारी ९२ ते ९५ असतं. एकेक काम कित्येक दिवस चालतं, त्यामुळे साठ टक्क्यांवर गेलं की फार वाईट वाटतं. सुरुवात कुठून करू?

मांजरा_लिनक्स

हे तीन वेगवेगळे आजार आहेत, एका गोळीत बरे होणार नाहीत. आधी बॉइंक मॅनेजरच्या प्रोजेक्ट्स टॅबमध्ये 'नो न्यू टास्क्स' दाबा. नाहीतर मशीन रात्रभर नवी कामं ओढेल आणि पाडत बसेल.

पहिली चार पडली ती बहुधा ३२ बिट लायब्ररी (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार फाइल्स) नाहीत म्हणून. ब्रिटिश मेट ऑफिसची हॅडली मॉडेल्स फोरट्रानमध्ये लिहिलेली आणि ३२ बिटसाठी बांधलेली आहेत. नुसत्या ६४ बिट मिंटवर ती उभीच राहत नाहीत. बॉइंकच्या डेटा फोल्डरमधल्या प्रोजेक्टच्या फोल्डरात जा आणि मॉडेलच्या फाइलवर 'एलडीडी' कमांड (कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी) चालवा. ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येईल ती लायब्ररी घाला. बहुतेकदा सिनॅप्टिकमधून (सॉफ्टवेअर बसवायचं साधन) 'लिब३२एसटीडीसी++६' आणि 'लिब३२झेड१' टाकली की भागतं. एकच काम मागवा, १० मिनिटं टिकलं तर हा प्रश्न मिटला.

याच प्रकल्पातल्या ओपनआयएफएस या दुसऱ्या मॉडेलला हे लागत नाही, ते ६४ बिट आहे. पण त्याला रॅम लागते. एका कामाला ५ जीबीच्या आसपास धरा. तुमच्या १६ जीबीत एका वेळी दोनच. तिसरं घेतलं की स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतं, आणि रॅम पूर्ण संपली की कर्नल त्यातलं एखादं मारून टाकतो. प्रोजेक्टच्या फोल्डरात 'ॲप_कॉन्फिग' फाइल करून 'मॅक्स कॉन्करंट' (एका वेळी जास्तीत जास्त कामं) २ ठेवा, मग मॅनेजरमधून 'रीड कॉन्फिग फाइल्स' दाबा.

थीटा_नांदेड

दुपारच्या तिघांबद्दल बोलतो, कारण तिथेच लोक चुकीचं निदान करतात.

थीटा म्हणजे विभवी तापमान. हवेचा एखादा भाग बाहेरून उष्णता न घेता-देता १००० हेक्टोपास्कल दाबापर्यंत आणला तर त्याचं जे तापमान होईल, ते. हा आकडा अशक्य झाला की मॉडेल आधीच्या चेकपॉइंटवर (मध्येच जतन केलेल्या स्थितीवर) परत जाऊन पुन्हा प्रयत्न करतं, तरीही जमलं नाही तर थांबतं. याची कारणं दोन, आणि नोंदीत दोन्ही सारखीच दिसतात.

एक म्हणजे खरंच मॉडेलचं भौतिक. या प्रकल्पात ढगांमधला बर्फ किती वेगानं खाली पडतो, वर चढणाऱ्या हवेत आजूबाजूची हवा किती मिसळते, असे आकडे मुद्दाम थोडे बदलून हजारो प्रती वाटतात. काही जोड्या अस्थिर निघणारच. असं काम पडलं तर तुम्ही काही बिघडवलेलं नाही. ही जोडी टिकत नाही, हे शास्त्रज्ञांना कळणंही उपयोगाचंच आहे. २००५ साली 'नेचर'मध्ये आलेला याच प्रकल्पाचा निबंध अशाच बदललेल्या प्रतींवर उभा होता. शिवाय मधल्या 'ट्रिकल'सोबत (काम चालू असताना सर्व्हरला जाणारा निरोप) तोवरचं श्रेय जमा होतं, म्हणून साठ टक्के पाण्यात गेले असं समजू नका.

दुसरं कारण रॅम किंवा तापमान. मोजणीत एक बिट उलटला तरी तो काही पावलांत वाऱ्यापर्यंत आणि दाबापर्यंत पोचतो, आणि शेवटी तोच थीटाचा संदेश येतो.

फरक ओळखायला खात्याच्या पानावर त्या कामाचं 'वर्कयुनिट' उघडा. तेच काम इतरांकडेही पडलं असेल तर दोष मॉडेलचा. इतरांनी पूर्ण केलं आणि फक्त तुमच्याकडे पडलं, तर मशीन तपासा.

गोदाकाठ_परभणी

पाहिलं दादा. तिघांपैकी एक सगळीकडे पडलंय. दोन मात्र दुसऱ्यांकडे पूर्ण झालीत.

थीटा_नांदेड

मग मशीनच. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करून रॅम साध्या वेगावर आणा आणि मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या. एक जरी चूक आली तरी ती पट्टी मॉडेलसाठी बाद. रोजच्या वापरात ती निभावून जाते, इथे नाही.

९५ अंशांनी इंटेल चिप सहसा थेट पडत नाही, ती वेग कमी करते. पण त्याच कॅबिनेटात रॅम आणि मदरबोर्डचा वीजपुरवठाही शेकत असतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या घरात असते. हीटसिंकमधली धूळ ब्लोअरनं काढा, थर्मल पेस्ट बदला, टर्बो बूस्ट बंद करा आणि ५० टक्के कोर द्या, म्हणजे तीनच. 'सीपीयू टाइम' मात्र १०० टक्केच ठेवा. तो कमी केला की बॉइंक काम सतत थांबवतं आणि पुन्हा चालू करतं, हे या मॉडेल्सना सोसत नाही. कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. तुषारांसोबत बोअरच्या पाण्याचा क्षार बोर्डावर बसतो.

रब्बी_पॉवर

लाइटचं सांगतो. इन्व्हर्टरच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. 'नॉर्मल' मोडवर बॅटरीवर जायला लागणारा वेळ पंखा-दिव्याला चालतो, पण तेवढ्यात संगणकाचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठा) दम सोडतो. यूपीएस मोडची एक अडचण आहे. शेतातल्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो. तुमच्या फीडरवर हे रोजचं असेल तर संगणकापुरता वेगळा छोटा यूपीएस घ्या.

तरीही वीज चेकपॉइंट लिहितानाच गेली तर फाइल अर्धवट राहते आणि काम उठत नाही. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर १० मिनिटं आधी काम सस्पेंड करा, मिनिटभर थांबा, मग 'सिस्टिमसीटीएल स्टॉप बॉइंक-क्लायंट' देऊन मशीन बंद करा. 'सस्पेंड असताना काम मेमरीत ठेवा' हा पर्यायही चालू ठेवा, म्हणजे मशीन बंद न करता नुसतं सस्पेंड केलं तर दर वेळी चेकपॉइंटवरून उठवावं लागत नाही.

गोदाकाठ_परभणी

स्विच 'नॉर्मल'वरच होता, बदलला. 'लिब३२एसटीडीसी++६'पुढे 'नॉट फाउंड' होतं, ती घातल्यावर नवं काम अर्धा तास टिकून आहे. आज रात्री मेमटेस्ट.

मांजरा_लिनक्स

मेमटेस्टआधी ते काम सस्पेंड करून बॉइंक बंद करा. आणि पट्ट्या दोन असतील तर चूक आल्यावर एकेक काढून वेगवेगळी फेरी घ्या, दोन्ही एकदम बदलू नका.