न्यायालयाची जुनी इमारत चित्रपट संग्रहाला देणे योग्य होते का?

मूळ मत
न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाची विटांची जुनी इमारत आहे. प्रायोगिक चित्रपट जपणाऱ्या आणि दाखवणाऱ्या ‘अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्ज’ या संस्थेने ती १९७९ साली शहराकडून विकत घेतली आणि वास्तुरचनाकार रायमुंड अब्राहम व केविन बोन यांच्या आराखड्यानुसार फेरबदल करून १९८८ साली तिथे दोन चित्रपटगृहे सुरू केली. न्यायालय उठून गेल्यावर अशी वास्तू बहुधा पाडली जाते किंवा तिथे महागडी घरे उभी राहतात. इथे मात्र तिचे दार लोकांसाठी उघडे राहिले, आणि मला हा निर्णय मनापासून योग्य वाटतो.

प्रतिसाद १
मी सहमत नाही. फिल्मला भव्य दर्शनी भाग नव्हे, तर थंड आणि कोरडी खोली लागते. असिटेट या प्लास्टिकच्या फिल्मचा डबा वर्षानुवर्षे उबदार, दमट जागी राहिला, तर झाकण काढताच व्हिनेगरसारखा आंबूस वास नाकात शिरतो आणि आकसून वाकडी झालेली रीळ पुन्हा सरळ होत नाही. खरेदीपासून पहिल्या खेळापर्यंत नऊ वर्षे गेली. तेवढे कष्ट आणि निधी नव्या प्रती काढण्यावर खर्च झाले असते, तर अधिक चित्रपट वाचले असते.

मूळ लेखकाचे उत्तर
साठवणुकीविषयीची आपली काळजी रास्त आहे. पुण्यात २००३ साली नायट्रेट या सहज पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला लागलेल्या आगीत जे गेले, त्याची हळहळ आपल्याला आजही आहे. पण चित्रपटकार जोनास मेकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली ही संस्था सुरू केली, तेव्हाच पाहण्याची जागा हा जतनाचाच भाग मानला होता. त्यांच्यापैकी चित्रपटकार पीटर कुबेल्का यांनी, या इमारतीत येण्याआधीच्या संस्थेच्या पहिल्या प्रेक्षागृहात, भिंती, छत, खुर्च्या सारे काळे ठेवले आणि दोन आसनांमध्ये आडोसे बसवले, ते नजर पडद्यावरून ढळू नये म्हणून. प्रायोगिक चित्रपटांना व्यावसायिक चित्रपटगृहे दारात उभी करत नव्हती. त्यांच्या प्रती शीतगृहात सुरक्षित राहिल्या असत्या, पण त्या पाहिल्या कुणी असत्या?

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर
पडद्याची गरज मलाही मान्य आहे. मात्र मूळ निगेटिव्ह शहराबाहेरच्या नियंत्रित तापमानाच्या कोठारात आणि दाखवायच्या प्रती इथे, अशी विभागणी असेल तरच मी या इमारतीच्या बाजूने उभा राहीन.