मदत हवी आहे: आयर्लंडचे २०१५ चे सार्वमत आणि प्रापंचिक कॅथलिक

आयर्लंडमध्ये २२ मे २०१५ रोजी झालेल्या सार्वमतात, बिशपांचा विरोध असतानाही, समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या बाजूने सुमारे ६२ टक्के मते पडली. या घटनेवर आमच्या वाचनगटासाठी मी टिपण लिहीत आहे. बिशपांचे २०१४ चे विवाहविषयक निवेदन आणि निकालानंतर चर्चने वास्तवाचे भान ठेवायला हवे, हे डब्लिनचे तत्कालीन आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांचे प्रतिपादन मी वाचले आहे.

माझी अडचण प्रापंचिकांविषयी, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यासी नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांविषयी आहे. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकॅलिस यांनी श्रद्धावंत कॅथलिक असूनही दुरुस्तीला उघड पाठिंबा दिला, तर आयोना इन्स्टिट्यूट या धर्म आणि विवाहसंस्थेची बाजू मांडणाऱ्या आयरिश संस्थेतील प्रापंचिकांनी विरोधाची बाजू लढवली. त्यामुळे ‘चर्च विरुद्ध जनता’ ही सरधोपट मांडणी मला दोन्ही बाजूंच्या श्रद्धावंतांवर अन्याय करणारी वाटते. नागरी विवाह आणि विवाह-संस्कार यांतील फरक मला ठाऊक आहे, आणि कोणाची भूमिका योग्य, हा वाद येथे नको. साहित्य मराठी किंवा इंग्रजी चालेल. मात्र वृत्तपत्रीय सारांश नको.

पाठिंबा देणाऱ्या प्रापंचिकांनी सदसद्विवेकबुद्धीविषयीच्या चर्चच्याच शिकवणीचा आधार घेतला होता, की केवळ नागरी समानतेचा, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत कोठे वाचायला मिळेल?